सिमेंट नसलेले पेव्हर ब्लॉक: गोदामाला घ्या, अंगणाला नको

राखेची ओळख आम्हा चंद्रपूरकरांना करून द्यायला नको. तीच औष्णिक केंद्राची राख, पोलाद कारखान्याचा दळलेला स्लॅग (लोखंड वितळवताना निघणारा मळ) आणि फुटक्या बाटल्यांची पूड वापरलेले जिओपॉलिमर ब्लॉक गोदामापुढे बसवले. सिमेंट शून्य, कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणानं माल घट्ट धरतो. भरलेला ट्रक रोज वळतो, पण एकही कोपरा उडाला नाही. बॅटरीचं ॲसिड सांडलं तिथंही पृष्ठभाग शाबूत. इथवर पैसे वसूल.

पावसाळा सरला आणि ब्लॉकवर पांढरा लोणा फुटला. मिश्रणात उरलेला सोडा ओलीबरोबर वर येतो नि हवेत सुकून पांढरा पडतो. विक्रेता म्हणे, "धुऊन जाईल, भाऊ." घासला तेव्हा गेला, दिवाळीत परत हजर! मजबुतीला धक्का नाही, पण दारात रांगोळी काढायची तर हे कसं चालेल?

भावही साध्या ब्लॉकपेक्षा जास्त; राख स्वस्त, रसायनं महाग. घेताना काचेची पूड मैद्यासारखी बारीक आहे ना, ते विचारा. जाड कण राहिले तर द्रावणातल्या अल्कलीशी (त्याच सोड्याशी) क्रिया होऊन ब्लॉक फुगू शकतो, तडकू शकतो. आणि अशा ब्लॉकसाठीचं भारतीय मानक आयएस १७४५२ (२०२०) याप्रमाणे चाचणी झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.