ग्लिमेपिराइड की ग्लिप्टिन? वयस्कांची साखर वारंवार उतरत असेल तर

सत्तरी ओलांडलेल्या आईची साखर उतरली की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "उपास करू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!" आई अपराध्यासारखी ग्लुकोजचं पाणी पिते आणि विषय मिटतो. गोळीच्या पाकिटाकडे कोणी पाहत नाही. माझ्या मते चौकशी तिथूनच सुरू करावी. मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्या साखर धोक्याच्या पातळीखाली नेत नाहीत. काही ठरावीक गोळ्याच नेतात, आणि आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ग्लिमेपिराइड त्यांपैकीच एक.

पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. ठळक नावाच्या शेवटी 'एम १' किंवा 'एम २' असेल, तर बहुतेक वेळा आत १ किंवा २ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड आणि जोडीला मेटफॉर्मिन असतं. पण शेपटावर विसंबू नका, घटक वाचा. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांतलं नाव दिसलं तर ती ग्लिप्टिन गटातली गोळी. एकटं मेटफॉर्मिन साखर सहसा खाली पाडत नाही, त्याला या भांडणातून वगळू.

दोन्ही गट स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात, पण ग्लिमेपिराइडला रक्तात साखर किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. टाकी भरलेली असो वा रिकामी, पंप चालूच. जेवण लांबलं, जुलाब झाले, मूत्रपिंडं मंदावली, तरी इन्सुलिन सुटत राहतं. ग्लिप्टिन आतड्यातल्या एका संप्रेरकाचं आयुष्य वाढवते, आणि ते संप्रेरक साखर चढलेली असतानाच इन्सुलिनला जोर देतं. साखर उतरली की जोर ओसरतो.

फरक किती पडतो हे मोजलेलं आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅरोलिना' चाचणीत सहा हजारांहून अधिक रुग्णांना लिनाग्लिप्टिन किंवा ग्लिमेपिराइड देऊन सुमारे सहा वर्षं पाहिलं. ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांपैकी ३७.७ टक्के लोकांची साखर एकदा तरी उतरली, लिनाग्लिप्टिनवाल्यांत १०.६ टक्के. दुसऱ्याची मदत लागावी इतकी गंभीर वेळ २.२ टक्क्यांवर आली, दुसऱ्या बाजूला ०.३ टक्क्यांवर. त्याच चाचणीने ग्लिमेपिराइडवरचा एक जुना संशयही पुसला: हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. म्हणजे ही गोळी विष नव्हे. तिचा दोष साखर उतरवण्याचा, आणि तो वयानुसार महाग पडतो. चाळिशीतल्या माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, तो काहीतरी खातो. ऐंशीच्या आजोबांना हे इशारे पुष्कळदा मिळतच नाहीत. ते असंबद्ध बोलतात, चिडतात, न्हाणीघरात पडतात, आणि घरच्यांना वाटतं अर्धांगाचा झटका आला. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधडही झाकली जाते. घाम मात्र येतो.

ग्लिमेपिराइडची जमेची बाजू दोन शब्दांत: स्वस्त आणि जोरकस. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, साधारण एक ते दीड टक्क्याने खाली येतं. ग्लिप्टिनने अर्धा-पाऊण टक्काच. ज्याचं एचबीएवनसी साडेनऊ आहे त्याला नुसती ग्लिप्टिन देऊन काम भागणार नाही. ग्लिमेपिराइडने वजन थोडं वाढतं, ग्लिप्टिनने जिथल्या तिथे राहतं.

किमतीचा मुद्दा मात्र आता जुना झाला आहे. विल्डाग्लिप्टिनचं भारतातलं पेटंट २०१९ च्या अखेरीस संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत सिटाग्लिप्टिन ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. "परवडत नाही" या कारणावरून दहा वर्षांपूर्वी टाळलेली गोळी आज पुन्हा विचारात घ्यायला हरकत नाही. जुनं प्रिस्क्रिप्शन वर्षानुवर्षं तसंच पुढे रेटलं जातं, त्यात हा हिशेब कुणी परत केलेला नसतो.

ग्लिप्टिनही निर्दोष नाही. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, सांधे दुखतात, वयस्कांत कधीकधी कातडीवर मोठे फोड येतात. हृदय अशक्त असेल तर सॅक्साग्लिप्टिन नको. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली असतील, तर सिटाग्लिप्टिन आणि विल्डाग्लिप्टिनचा डोस कमी करावा लागतो, लिनाग्लिप्टिनचा लागत नाही.

मधला मार्ग म्हणजे ग्लिक्लाझाइड. गट ग्लिमेपिराइडचाच, पण साखर उतरवण्याचा धोका कमी. याउलट पाकिटावर त्याच गटातलं जुनं ग्लिबेनक्लामाइड दिसलं आणि रुग्ण साठीपुढचा असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची यादीही साठीनंतर ते अयोग्य ठरवते. डापाग्लिफ्लोझिन हे वेगळ्याच गटातलं औषध साखर सहसा पाडत नाही आणि हृदय-मूत्रपिंडाला फायद्याचं आहे. मात्र कडक उपासात किंवा उलट्या-जुलाबांत त्याने रक्तात आम्लं साठू शकतात, तेही साखर फारशी चढलेली नसताना.

आता उपासाचं. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाटा खाऊन केलेला उपास साखर चढवतो, उतरवत नाही. धोक्याची ती संकष्टी: सकाळी सवयीने ग्लिमेपिराइड घेतली आणि चंद्रोदयापर्यंत नुसत्या चहावर काढलं. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास चक्कर येते ती यामुळे. आई उपास सोडणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मग तिच्याशी दर महिन्याला वाद घालण्यापेक्षा गोळीबद्दल डॉक्टरांशी एकदा बोलणं सोपं.

बोलताना एक गोष्ट पक्की करून घ्या. ग्लिमेपिराइड तशीच ठेवून वर ग्लिप्टिन जोडली तर साखर उतरण्याचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. एक काढून दुसरी द्यायची आहे. आणि कधीकधी दुसरी द्यायचीही गरज नसते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, इतर आजार असलेल्या माणसाचं एचबीएवनसी ६.३ आलं की घरचे पेढे वाटायला निघतात. अशा वयात आठच्या आत असलं तरी पुष्कळ. इथे ग्लिमेपिराइडचा डोस नुसता कमी करणं किंवा बंद करणं हाच उपाय असू शकतो. निर्णय डॉक्टरांचा. तुम्ही ग्लुकोमीटरवरच्या ७० च्या खालच्या नोंदी वेळेसकट लिहून न्या, विशेषतः ५४ च्या खालच्या.

माझा कौल असा: एकटं राहणारे, वेळेवर न जेवणारे, मूत्रपिंडं मंदावलेले, विसरभोळे झालेले किंवा गाडी चालवणारे असतील तर ग्लिप्टिनचा आग्रह धरा. पन्नाशीचा, वेळेवर जेवणारा, घरी ग्लुकोमीटर असलेला माणूस ग्लिमेपिराइडवर बरा चालला असेल, तर उगाच बदलू नका. इन्सुलिन चालू असेल तर हा सगळा हिशेब वेगळा.

बदल होईपर्यंत घरात ग्लुकोजची पूड ठेवा. तीन औषधं एकत्र असलेल्या तिघाडी गोळीत व्होग्लिबोज असेल तर हे सक्तीचंच समजा, कारण ते औषध साध्या साखरेचं पचन रोखतं. चमचाभर साखर तोंडात टाकून बसलात तर ती वेळेवर रक्तात पोचणार नाही. पेढा-चॉकलेटमधली चरबीही वेळ खाते. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या, वर आली की पोळी-भात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर सलाईनने वर आल्यावर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणत रात्रीच घरी परतायची घाई करू नका.