मेरीमूर डॉग पार्क (रेडमंड, वॉशिंग्टन): बारा महिने वापरल्यावर

इथे कोणीही कुत्रा घेतला की "मेरीमूरला घेऊन जा, भारी आहे" असं सगळे सांगतात, आणि सांगणारे बहुतेक सगळे जुलैमधे गेलेले असतात. जुलैमधे भारी आहेच हो. आमचा बंड्या म्हणजे लॅब मिक्स, अंगात नुसती मस्ती, त्याला पळवलं नाही तर घरातल्या सोफ्याचं काही खरं नाही, त्यामुळे आम्ही ऊन-पाऊस न बघता वर्षभर जात राहिलो. मेरीमूर प्रत्येक सीझनला वेगळा असतो हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे जागा. अख्खा पार्क 640 एकरांचा, त्यातले साधारण 40 एकर कुत्र्यांना मोकळे. आपल्यातले बरेच जण याच पार्कात क्रिकेट खेळायला येतात पण डॉग एरियाकडे फिरकलेले नसतात. मोठं गवताळ मैदान, झाडीतल्या पायवाटा आणि कडेने सॅमामिश नदी, पाण्यात उतरायला ठिकठिकाणी उतार केलेत. पण उतार आहे तिथे कुंपण नाही, म्हणजे हाक मारल्यावर परत न येणाऱ्या कुत्र्याला इथे सोडायचं नाही, आधी लांब दोरी बांधून सवय करा. आई सांगलीहून आली होती ती बघून म्हणाली, "अरे, कुत्र्यांना एवढं रान आणि आमच्या सोसायटीत पोरं पार्किंगमधे खेळतात!" यावर काय बोलणार.

उन्हाळ्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, ऑफिस संपवून, चहा पिऊन, आरामात गेलं तरी चालतं, फक्त पार्कात कॉन्सर्ट असेल त्या संध्याकाळी जाऊ नका, पार्किंगसाठी फिरत बसाल. आणि या दिवसांत कुसळं! गवत वाळलं की त्याची कुसळं पंजाच्या बोटांमधे, कानात, नाकातसुद्धा घुसतात, काटे एकाच दिशेने असल्यामुळे ती फक्त आत आत सरकतात, मागे येत नाहीत. जूनपासून आमचा नियम असा की डिकी उघडी ठेवून, बंड्याला तिथेच बसवून, चारही पंजे बोटं फाकवून बघायचे आणि मगच गाडी सुरू करायची. कुत्रा एकाच जागी सारखा चाटत असेल किंवा एकदम सटासट शिंकायला लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता व्हेट गाठा. ऑगस्टमधे वणव्यांचा धूर आला की आम्ही एक्यूआय (हवा किती खराब आहे त्याचा आकडा) बघून सरळ घरीच थांबतो.

आता खरा मुद्दा, सॅमन. सप्टेंबर ते नोव्हेंबर सॅमन समुद्रातून परत नदीत येतात, अंडी घालतात आणि मरतात, आणि मेलेले मासे काठाला लागतात. आपल्याला वाटतं मासाच तर आहे, आपण कोकणात मांजराला कच्चा टाकतोच की. मांजराला यातनं काही होत नाही, पण कुत्र्याला इथला कच्चा सॅमन जीवघेणा ठरू शकतो. माशात एक बारीक जंत असतो आणि त्या जंतात एक जिवाणू, आठवडाभरात ताप, उलट्या, जुलाब, खाणं बंद, गाठी सुजतात, आणि औषध वेळेत मिळालं नाही तर बहुतेक कुत्री दगावतात. वेळेत गेलात तर साध्या अँटिबायोटिकने आणि जंताच्या औषधाने बरी होतात, म्हणून व्हेटला "नदीवर गेलो होतो" हे न विचारता स्वतःहून सांगा. गेल्या ऑक्टोबरमधे बंड्या एका झुडपामागे शेपूट हलवत गप्प उभा, जाऊन बघतो तर पक्ष्यांनी डोळे टोचून खाल्लेला हातभर मासा, वास असा की विचारू नका, आणि हा त्याच्यावर मान घासत होता, अत्तर लावल्यासारखा. खाल्ला नव्हता, कारण खिशातलं चीज दाखवलं की तो कधीही मागे फिरतो. तेव्हापासून त्या तीन महिन्यांत आम्ही फक्त मैदानात, नदीकडे गेलो तरी पट्टा लावूनच.

नोव्हेंबरपासून पुढे पाऊस आणि चिखल. मुंबईसारखा धो धो नाही, नुसती रिपरिप, पण दिवसेंदिवस. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो आणि पार्क अंधार पडेपर्यंतच, म्हणजे नोकरीवाल्यांना शनिवार-रविवारशिवाय उपयोग शून्य, त्यात नदी चढली की सखल भाग पाण्याखाली जातो. घाण पाणी म्हटल्यावर आपल्याला मुंबईतल्या 2005 च्या पुरानंतरचं लेप्टो (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आठवतं, तर कुत्र्यांसाठी लेप्टोची लस असते, ती मागून घ्या. रेबीज आणि काउंटीचं लायसन्स लागतंच, केनल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लसही देऊन ठेवा. पाण्याचं भांडं स्वतःचं न्या, सगळ्यांनी तोंड घातलेल्या टबमधलं आम्ही पाजत नाही.

लोकांबद्दल थोडं. बहुतेक जण चांगले, शी उचलणारे, पण एक जमात आहे जी गेटातून आत आली की फोनमधे डोकं घालते आणि "माझा फ्रेंडली आहे हो" एवढं लांबून ओरडते. त्यांचा फ्रेंडली असेल, समोरचा घाबरतोय त्याचं काय? अगदी छोटा किंवा बुजरा कुत्रा असेल तर वीकेंडच्या दुपारी नका आणू, वीकडेला सकाळी या, निम्मी गर्दीसुद्धा नसते.

आमच्यासाठी एप्रिल-मे सगळ्यात बेस्ट, गवत हिरवं, कुसळं नाहीत, सॅमन नाही, चिखल असतो पण सुकायला लागलेला. पार्किंगला पैसे पडतात, ते वसूल आहेत. कुत्रा धुवायची सोय तिथेच आहे, पैसे देऊन, हिवाळ्यात ती वापराच, नाहीतर गाडीतला वास आठवडाभर जात नाही आणि मग घरात कोण बोलून घेतं ते तुम्हाला माहितीच आहे.