जुन्या जीपचा सेल्फ आणि डीसी क्लॅम्प मीटर: काही महिने वापरल्यानंतर

जुनी फोर बाय फोर बाळगणाऱ्याला एक सल्ला फुकट आणि हमखास मिळतो: सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घेत नाही ना, मग बॅटरी बदला. माझ्या डिझेल जीपची बॅटरी आधीच्या मालकाने बदलली होती, सेल्फही भरून आणला होता. तरी सकाळच्या गारठ्यात चावी फिरवली की एक 'टक', आणि पुढे काही नाही. म्हणून डीसी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा) घेतला. तेव्हापासून तो गाडीतच असतो. कंपनी सांगत नाही, कारण या वर्गातले मीटर कमी-अधिक सारखेच निघतात.

घेताना एक गोष्ट नीट वाचा. बरेच क्लॅम्प मीटर जबड्याने फक्त एसी करंट मोजतात. डीसी व्होल्ट दाखवतात म्हणून आपण फसतो, पण गाडीच्या वायरला जबडा लावला की आकडा हलतच नाही. डीसी अँपिअर जबड्याने मोजता आले पाहिजेत, रेंज 400 च्या आसपास हवी आणि किमान-कमाल आकडा धरून ठेवणारं बटण हवं. साध्या मल्टिमीटरच्या 10 अँपिअरच्या भोकातून सेल्फचा करंट मोजायच्या फंदात पडूच नये. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे अँपिअर आणि वरही ओढतो.

आता मुख्य कामाबद्दल. उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण चार्ज. पण नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा फारसं काही सांगत नाही, लोड पडल्यावर काय होतं ते बघायचं. गाडी न्यूट्रलला, स्टॉपची दांडी ओढलेली (म्हणजे इंजिन पेटणार नाही), आणि चावीवर दुसरा माणूस. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या पोस्टवर 11.1 व्होल्ट, पण सेल्फच्या पॉझिटिव्ह बोल्टवर, त्याच्याच बॉडीच्या तुलनेत, फक्त 8.4. मधले 2.7 व्होल्ट वाटेत कुठेतरी जिरत होते. पॉझिटिव्ह पोस्ट ते सेल्फचा बोल्ट मोजलं तर 0.3, ठीक. निगेटिव्ह पोस्ट ते सेल्फची बॉडी मोजलं तर 2.4! क्लॅम्प तेव्हा 180 अँपिअर दाखवत होता. गणित केलं तर अर्थिंगच्या (सेल्फच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतायच्या) वाटेत जेमतेम 0.013 ओहमचा अडथळा. साध्या मीटरच्या ओहम रेंजवर हा कधीच दिसला नसता, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा याच्या कितीतरी पट असतो. कंटिन्युइटीची शिट्टीही बिनदिक्कत वाजते. पण तेवढ्याशा अडथळ्यावर चारशे वॉटहून जास्त ताकद उष्णता होऊन वाया जाते.

इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, त्यामुळे चेसिसपासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेलंच. दोघांना जोडते ती विणलेली अर्थ पट्टी. आमच्या पट्टीचा लग (टोकाची धातूची कडी) चेसिसवर रंगाच्या थरावरच आवळलेला होता, आणि पट्टीच्या तारा चिखलपाण्याने आतून हिरव्या-काळ्या पडलेल्या. मग करंटने दुसरी वाट शोधली: स्टॉपची केबल. सेल्फ मारल्यावर तिला हात लावला तर चांगली गरम, आणि फायरवॉलजवळ तिचं प्लास्टिकचं आवरण एका जागी वितळून चकाकत होतं. अॅक्सिलरेटर किंवा चोकची केबल अशी तापत असेल तर दुसरं काही शोधायच्या आधी अर्थिंग बघा. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून नवी पट्टी बसवली, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टाला (पॉझिटिव्हच्या नव्हे) एक जाड केबल दिली. आता तिथे 0.2 व्होल्ट पडतात आणि सेल्फ गारठ्यातही दणक्यात फिरतो.

क्लॅम्पची खरी मजा ही की करंट आणि व्होल्ट एकत्र वाचता येतात. सेल्फपाशी व्होल्ट कमी आणि करंटही कमी असेल तर दोष वाटेत आहे. करंट भरमसाट आणि तरी इंजिन रडत फिरतंय, तर सेल्फची बुश झिजलेली, आत शॉर्ट किंवा इंजिनच जड. 'टक' होऊन करंट जवळपास शून्य, तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळालेत. 'टक'सुद्धा नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरकडे आणि चावीच्या स्विचकडे जा.

तिथे मात्र मीटरपेक्षा बल्ब बरा. डिजिटल मीटर इतका कमी करंट घेतो की वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो. 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी जोडून लावला की पावणेदोन अँपिअर मागतो, आणि सडलेला जोड लगेच उघडा पडतो, बल्ब मिणमिणतो. अनोळखी वायरिंगमध्ये मी आधी बल्ब काढतो, मीटर नंतर.

हीटर प्लगसाठी (थंड डिझेल इंजिन पेटावं म्हणून तापणारे प्लग) जबडा झकास. प्रत्येक प्लगच्या वायरला लावत जायचं, जिथे शून्य तो मेलेला. काही जुन्या डिझेल गाड्यांत प्लग सिरीजमध्ये असतात, तिथे एक गेला की सगळेच थंड.

उभ्या गाडीत बॅटरी हळूहळू उतरण्याचा शोध घेताना मीटरची खोड कळली. जबड्यातला सेन्सर शून्यावरून सरकतो, मीटर नुसता फिरवला तरी आकडा बदलतो. शून्य करून, तसाच धरून मोजावं लागतं. आमच्याकडे 0.3 अँपिअर गळत होते. इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या गाडीत हा आकडा शून्याला टेकलेला हवा. 60 अँपिअर-अवरची बॅटरी एवढ्या गळतीने आठेक दिवसांत पार बसते. फ्यूज काढून बघायचं म्हटलं तर जुन्या गाडीत फ्यूज मोजून चार, निम्मी वायरिंग त्यांच्या बाहेरच. शेवटी अल्टरनेटरची जाड वायर सोडली आणि गळती थांबली. अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) लीक होता. (वायर सोडायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, आणि मोजण्यापुरतं पुन्हा लावताना सुटं टोक टेपमध्ये गुंडाळायचं.) 0.1 अँपिअरच्या खालची गळती मात्र या मीटरवर विश्वासून सांगता येत नाही. तिथे साधा मल्टिमीटर निगेटिव्ह केबलमध्ये सिरीजला.

तक्रारी आहेतच. जबडा जाडजूड, सेल्फच्या मागे शिरत नाही, बॅटरीजवळच केबल पकडावी लागते. किमान-कमाल बटण संथ आहे, सेल्फ पहिल्या क्षणी ओढतो तो झटका त्याच्या हाती लागत नाही. आपोआप बंद होण्याची सवय तर ऐन मोक्याला नडते. पेट्रोल गाडीत पॉइंट, कंडेन्सरच्या (म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागांच्या) भानगडीत हा मीटर फारसा उपयोगी नाही, तिथे फीलर गेज आणि ठिणगी बघणंच आलं.

आणखी एक: जुन्या गाडीत 12 व्होल्टच असतील असं धरू नका. विलीजच्या युद्धकाळातल्या जीप 6 व्होल्टवर चालत, लष्करी गाड्यांत 24 व्होल्ट सापडतात, आणि साठच्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीचं पॉझिटिव्ह चेसिसला जोडलेलं). तिथे वर दिलेले आकडे त्या मानाने बदलून घ्या.