अठरावी की एकोणिसावी? अमेरिकेच्या सुधारणाकाळात शिरण्याच्या दोन वाटा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेवर अभ्यासमंडळात मांडणी करायची किंवा दीर्घ निबंध लिहायचा म्हटलं, की बहुतेकांचं घोडं दोन विषयांपाशी अडतं. दारूबंदी आणणारी अठरावी घटनादुरुस्ती घ्यावी, की स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी? आमच्या मंडळात मी दोन्ही मांडल्या आहेत. सविस्तर लिहायला बसलो तेव्हा मात्र एकच निवडली, अठरावी.

मताधिकाराचा विषय ऐकणाऱ्याला चटकन धरतो. माणसं ठसठशीत आहेत आणि चळवळीच्या आतच दोन तऱ्हा आहेत. कॅरी चॅपमन कॅट राज्याराज्यांतून चिकाटीने बांधणी करतात, तर ॲलिस पॉल थेट व्हाइट हाउसच्या फाटकाशी जाऊन भिडतात. १९१७ च्या जानेवारीपासून पॉल यांच्या सहकारी तिथे फलक धरून मूकपणे उभ्या राहिल्या. पुढे अटका झाल्या, तुरुंगात उपोषणं झाली, नळी घालून जबरदस्तीने अन्न भरवलं गेलं. हाती तासभरच असेल आणि श्रोते नवखे असतील तर हाच विषय घ्या, असं मीही सांगेन.

मला जे खटकत राहिलं ते शेवटाशी आहे. ऑगस्ट १९२०, नॅशव्हिल. टेनेसीच्या विधिमंडळात २४ वर्षांचे हॅरी बर्न कोटाला विरोधकांचा लाल गुलाब लावून बसलेत, खिशात दुरुस्तीला पाठिंबा दे असं सांगणारं आईचं पत्र आहे, आणि ऐन वेळी ते दुरुस्तीच्या बाजूने निर्णायक मत देतात. प्रसंग इतका देखणा आहे की तिथे श्रोत्यांच्या लेखी गोष्ट संपते. त्यानंतर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांबद्दल बोलायला लागलो, मतदानासाठीचा कर, साक्षरतेच्या परीक्षा, दहशत आणि थेट १९६५ चा मताधिकार कायदा, की ते सगळं पुरवणीसारखं ऐकलं जातं. मी क्रम बदलून पाहिला. सुरुवातच १९१३ च्या वॉशिंग्टनमधल्या मिरवणुकीने केली. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांना तिथे मागे चालायला सांगितलं होतं; त्यांनी ते मानलं नाही आणि वाटेत इलिनॉयच्या तुकडीत शिरून त्या चालल्या. तरी चर्चेला तोंड फुटलं ते बर्न यांच्या आईच्या पत्रानेच. पत्राबद्दल माझी तक्रार नाही, पण ज्यांना आणखी ४५ वर्षं थांबावं लागलं त्यांची बाजू दर वेळी अशी निसटावी, हे मला सोसवेना. दुसऱ्या कुणाला ते सांभाळून मांडता येत असेलही.

दारूबंदीतही एक कटकट आहे, ती लपवत नाही. विषय काढला की चोरट्या दारूवर गब्बर झालेला गुंड अल कपोन येतो आणि सुधारणा बाजूला राहते. पण इथे शेवटाकडे नेणारी वाट स्वच्छ नाही, म्हणून लोक प्रश्न विचारत राहतात. मुळात हे झालं कसं? दारूवरचा कर हा केंद्र सरकारच्या महसुलाचा मोठा आधार होता. १९१३ मध्ये सोळाव्या दुरुस्तीने प्राप्तिकराची सोय झाली आणि तो आधार सोडणं शक्य झालं. दारूबंदीसाठी झटणाऱ्या अँटी-सलून लीगचे (सलून म्हणजे तिथला दारूचा गुत्ता) नेते वेन व्हीलर पक्ष पाहत नसत. उमेदवार घरी पितो का, याच्याशीही त्यांना कर्तव्य नव्हतं. सभागृहात तो मत कुठे देतो एवढंच ते पाहत. त्यात १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली आणि बिअरचे जर्मन वंशाचे कारखानदार एकदम संशयित ठरले. बंदी होती उत्पादनावर, विक्रीवर आणि वाहतुकीवर, पिण्यावर नव्हे. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी तळघरं आधीच भरून ठेवली. कामगाराचा गुत्ता तेवढा बंद झाला.

शिवाय स्त्रिया इथेही केंद्रस्थानी आहेत. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जात असताना दाद मागायला जागा नसलेल्या बायकांनी ख्रिस्ती मद्यनिषेध संघटना उभारली आणि फ्रान्सिस विलर्ड यांनी तिला मताधिकाराच्या मागणीशी जोडलं. बायकांना मत मिळालं तर दारूबंदी येईल, याच धास्तीने मद्यव्यवसायाने मताधिकाराला विरोध केला. म्हणजे एकोणिसावीचा बराच भाग अठरावीत येऊनच जातो. आणि १९२९ मध्ये पॉलिन सेबिन यांनी बायकांचीच संघटना काढली, ती दारूबंदी उठवण्यासाठी! १९३३ च्या डिसेंबरमध्ये बंदी उठली. तीच सुधारणा बायकांनी मागितली आणि बायकांनीच मोडीत काढायला लावली, हे कोडं आमच्या मंडळात बराच वेळ चाललं.

मराठी वाचकाला आत शिरायला इथे आणखी एक दार आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, मद्यनिषेध संघटनेत त्या सामील झाल्या आणि परतल्यावर अमेरिकेबद्दल त्यांनी मराठीतच लिहिलं. इतक्या जवळचा साक्षीदार मला तरी मताधिकाराच्या बाजूला सापडला नाही.

दारूबंदीची मांडणी पसरते, वेळ जास्त लागतो, हे खरं. घ्यायचं ठरवलंत तर १९१३ च्या प्राप्तिकरापासून सुरुवात करा, कपोनला दहा मिनिटांवर देऊ नका आणि सेबिनबाईंसाठी मात्र भरपूर वेळ राखून ठेवा.