शीआनचा मुस्लिम मोहल्ला: मोठा रस्ता सोडा, मागच्या गल्ल्यांत खा

चीनमधल्या शीआन शहरात ड्रम टॉवरच्या कमानीतून पलीकडे गेलं की बेइयुआनमन रस्ता लागतो. शीआनला आलेला प्रत्येक प्रवासी संध्याकाळी इथेच येतो, आणि मला वाटतं तिथेच त्याचं जेवण चुकतं. लांब काड्यांना टोचलेले स्क्विड, ढोलासारखे लाउडस्पीकर, दुकानापुढे फोटोसाठी चाललेली, मिठाई कुटणाऱ्या हातोड्यांची ठोकाठोक. बघायला मजा येते, पण तेच स्क्विड तुम्हाला चीनमधल्या कुठल्याही पर्यटनस्थळी मिळतील. शीआनची चव बघायची असेल तर पश्चिमेकडच्या गल्ल्यांत शिरा. दापियुआन आणि साजिनछ्याओ ही दोन नावं फोनच्या नकाशात टाकून ठेवा, आणि शक्यतो सकाळी जा.

कामानिमित्त माझं चीनमध्ये बरंच फिरणं होतं आणि रस्त्यावरचं खाणं हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. शीआनबद्दल लिहावंसं वाटतं, कारण इथलं खाणं गव्हावर उभं आहे. दक्षिणेतल्या ग्वांगझोला सकाळी तांदळाच्या मऊ गुंडाळ्या वाफेवर निघतात, तर इथे दिवसभर पीठ मळलं जातं, धुतलं जातं, भाजलं जातं. त्यात व्हिनेगर आणि गरम तेल ओतून फुलवलेली मिरची. ही मिरची भडक लाल दिसते म्हणून घाबरू नका. तिला वास फार सुंदर आहे, तिखटपणा मात्र बेताचा. जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी नैऋत्येकडच्या छंगदू-छोंगछिंग या शहरांकडची. तिथे साध्या नूडल्सच्या वाडग्यातही ती ओठांना झिणझिण्या आणते. शीआनमध्ये तीच चव शोधायला जाल तर निराश व्हाल.

सकाळची पहिली गोष्ट हुलाथांग. गोमांसाचे छोटे गोळे, बटाटा, कोबी, गाजर घातलेलं दाट, मिरपुडीचं गरम सार. वरून मिरचीचं तेल घ्यायचं आणि पाव कुस्करून आत टाकायचा. शेजारच्या हनान प्रांतातही हुलाथांग मिळतं, पण तिथे मिरपूड थेट घशाला भिडते. इथे भाज्यांचा गोडवा पुढे येतो. मला शीआनचं जास्त आवडतं, निदान सकाळी तरी.

रौजियामो सगळ्यांना ठाऊक असतो: भाजलेल्या गोल पावात बारीक चिरलेलं मांस. शहरात इतरत्र तो मसाल्याच्या रश्शात तासन्‌तास शिजवलेल्या डुकराच्या मांसाचा असतो. या मोहल्ल्यात ह्वेइ या चिनी मुसलमान समाजाची वस्ती, त्यामुळे इथे मिठात मुरवून शिजवलेलं गोमांस घालतात. ते खारट, घट्ट, लालसर असतं. चरबी अजिबात नको असं सांगू नका, थोडी असू द्या, नाहीतर पाव कोरडा लागतो. याच प्रांतातल्या थोंगग्वानचा रौजियामो आणखी वेगळा: पापुद्र्यांचा कुरकुरीत गरम पाव आणि आत थंड मांस. पावासाठी मी थोंगग्वानला मत देईन, मांसासाठी या मोहल्ल्याला.

पण माझं खरं प्रेम ल्यांगपीवर आहे. कणीक पाण्यात धुवून तिचं सत्त्व काढतात, ते निवळलं की ताटात पातळ ओतून वाफवतात आणि थंड झाल्यावर पट्ट्या कापतात. धुताना उरलेला चिवट गोळाही वाफवून त्याचे जाळीदार तुकडे वर घालतात. सगळा रस तेच शोषून घेतात, म्हणून ते शेवटी खा. मोहल्ल्यात त्यावर तिळाची पेस्ट घालतात. तिळाची पेस्ट वूहानच्या नूडल्समध्येही असते, पण तिथे नूडल्स गरम आणि पेस्ट दाट, भराभर ढवळलं नाही तर गोळा होतो. शीआनची ल्यांगपी गार असते, पेस्ट सैल केलेली, व्हिनेगरमुळे हलकी. उन्हाळ्याच्या दुपारी यापेक्षा चांगलं काही मी चीनमध्ये खाल्लेलं नाही. सोबत काचेच्या बाटलीतला बिंगफंग हा नारंगी सोडा घ्या. ल्यांगपी, रौजियामो आणि बिंगफंग ही इथल्या लोकांची ठरलेली त्रिकूट ऑर्डर आहे.

पाओमोला वेळ लागतो. रिकामा वाडगा आणि कडक पाव हातात देतात. पाव तुम्हीच तोडायचा, अगदी सोयाबीनच्या दाण्याएवढा बारीक. मग वाडगा स्वयंपाकघरात जातो आणि मटणाच्या रश्शात, शेवयांसोबत शिजून परत येतो. मोठे तुकडे केलेत तर आतून कोरडे राहतात, आचारीही काही करू शकत नाही. खाताना ढवळू नका, कडेकडेने खात जा, मध्येमध्ये गोड लोणच्यातला लसूण चावा. घाईत असाल तर हे मागवूच नका.

शाकाहारींसाठी मोहल्ला सोपा नाही. ल्यांगपीत मांस नसतं, तरी मागवताना विचारून घ्या. गोडात चिकट तांदूळ, खजुरासारखी लाल बोरं आणि राजमा थरांनी वाफवलेला जंगगाव मिळतो. तो सकाळी मोठ्या भांड्यातून खरवडून देतात आणि दुपारपर्यंत संपतो. पर्सिमन या फळाचे तळलेले वडे गरमच खा. गार झाले की तेलकट लागतात, आणि मोठ्या रस्त्यावर बरेचदा गार झालेलेच ढीग लावून ठेवलेले असतात. बाहेरून आणलेली दारू किंवा डुकराचं मांस घेऊन या दुकानांत बसू नका, हे हलाल घरांचं खाणं आहे.

पैसे बहुतेक ठिकाणी फोनवरून दिले जातात. अलीपे किंवा वीचॅटला परदेशी कार्ड जोडता येतं. ते काम निघायच्या आधी घरीच करून घ्या, आणि थोडे सुटे युआन खिशात ठेवा.