'फुल्ली अपग्रेडेड' एम४ घेतली, आत काय निघालं ते वाचा

मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, पण सेकंडहँड इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट गन (प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी खेळातली बॅटरीवरची बंदूक) घ्यायचा विचार असेल तर वाचाच. मला ज्याने टोपी घातली तो अजून जाहिराती टाकतोय आणि त्याचं काम इतकं सफाईदार आहे की गन हातात आल्यावरही लगेच काही कळत नाही.

जाहिरात अशी होती: एम४ (त्या रायफलसारखी दिसणारी), व्हर्जन २ गिअरबॉक्स (गिअर, पिस्टन, स्प्रिंगची आतली पेटी), स्टीलचे गिअर, निओडायमियम हाय टॉर्क मोटर, ६.०३ मिलिमीटरची टाइटबोअर (आतून अरुंद) बॅरल, मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवलेला, ११.१ व्होल्टच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) बिनधास्त चालते, ०.२० ग्रॅमच्या बीबीवर (गोळीवर) ४२० एफपीएस (फूट प्रति सेकंद). वर लायपो आणि 'मिलिटरी ग्रेड' गॉगल फुकट. सोबत उघडलेल्या गिअरबॉक्सचे फोटो, सुट्या पार्टचे फोटो, क्रोनोचा (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा) व्हिडिओ, सगळं साग्रसंगीत. पैसे नव्या स्टॉक (कंपनीतून येते तशाच) गनपेक्षा जास्त घेतले, आणि ते जास्तीचे पैसे या आतल्या पार्टांचेच होते.

पहिला धक्का मैदानावर. खेळायच्या आधी क्रोनोवर गन तपासतात तिथे ०.२० वर ३२५ च्या आसपास आकडा, पुन्हा पुन्हा तोच. त्याला मेसेज केला तर म्हणतो "अरे स्प्रिंग सेट व्हायला वेळ लागतो, वापर थोडी, वाढेल". आता स्प्रिंग वापराने मऊ पडते, कडक कधीच होत नाही, हे पाच मिनिटं एअरसॉफ्ट खेळलेल्या माणसालाही माहीत असतं, पण बोलला एवढ्या आत्मविश्वासाने की बास.

मग तो व्हिडिओ परत नीट बघितला. क्रोनोच्या स्क्रीनवर वजन ०.२०, वेग ४२०, एनर्जी १.६४ ज्यूल, सगळं जुळतंय. फक्त मॅगझिनमध्ये बीबी भरताना दाखवलेलं नाही. आणि इथेच गोम आहे बघा. क्रोनो फक्त वेग मोजतो, बीबीचं वजन त्याला कळत नाही, तुम्ही सेटिंगमध्ये जे टाकाल ते धरून तो ज्यूल काढतो. ०.१२ ची हलकी बीबी भरायची, सेटिंग ०.२० वर ठेवायचं, झालं काम. हिशोब करून बघा ना, ०.१२ ग्रॅमची बीबी ४२० ने म्हणजे सेकंदाला १२८ मीटरने गेली तर खरी एनर्जी एक ज्यूलपेक्षाही जरा कमी भरते, आणि तेवढीच एनर्जी ०.२० वर ३२५ एफपीएस देते. म्हणजे माझ्या गनने पहिल्या दिवसापासून खरंच सांगितलं होतं, खोटं फक्त व्हिडिओ बोलत होता. म्हणून व्हिडिओ मागाल तर पाकीट फोडण्यापासून मागा, पाकिटावरचं वजन दिसलं पाहिजे, मग त्याच बीबी मॅगझिनमध्ये, मग क्रोनो, मध्ये कुठेही कट नको.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो, कमी एफपीएसवर पण मजेत खेळता येतं. पण सिंगल शॉटवर गन कधी उडायची कधी नाही, आणि एकदा जळका वास आला. हात लावला तर वायर चांगलीच तापलेली. बॅटरी काढली आणि आमच्यात गन उघडणारा एक दादा आहे त्याच्याकडे नेली.

त्याने आधी मॉस्फेट शोधला. जाहिरातीच्या फोटोत कनेक्टरजवळ काळ्या हीटश्रिंकमध्ये (तापवून आवळायच्या नळीत) गुंडाळलेली चौकोनी गाठ दिसत होती, तो म्हणे मॉस्फेट. ब्लेडने कापली तर आत जुना फ्यूज होल्डर, फ्यूज गायब, दोन टोकांना सरळ वायर डाग देऊन जोडलेली! म्हणजे मॉस्फेट तर नाहीच, वर जो फ्यूज होता तोही काढून टाकलेला. दादा शांत माणूस आहे पण तो पण शिव्या घालायला लागला. कारण मॉस्फेटचं काम काय, तर मोटरचा मोठा करंट ट्रिगरच्या कॉन्टॅक्टमधून न जाऊ देणं, ट्रिगरकडे फक्त सिग्नलचा बारीकसा करंट जातो आणि म्हणून कॉन्टॅक्ट जळत नाहीत. तो नसताना ११.१ चा लायपो, जो फुल चार्जला १२.६ व्होल्ट असतो, लावला की प्रत्येक शॉटला कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. माझे कॉन्टॅक्ट काळे ठिक्कर पडले होते, म्हणून गन कधी उडायची कधी नाही. आणि फ्यूज नसताना कुठे शॉर्ट झालं असतं तर लायपो सगळी ताकद त्या वायरमध्ये ओतणार, मी गनचा दस्ता खांद्याला टेकवून आणि गाल त्यावर ठेवून उभा असताना. गंमत नाही ही. खरा मॉस्फेट असेल तर जाड वायरींशिवाय बारीक सिग्नल वायर ट्रिगरकडे जाताना दिसतात, फोटोत त्या शोधा, नुसती गाठ बघून खूश होऊ नका.

मग गिअरबॉक्स. ग्रीस एवढं थापलेलं की गिअर दिसेचनात, आणि आता मला वाटतं ते थापलंच त्यासाठी होतं. पुसून चुंबक लावला तर चिकटेना. झिंकचे ओतीव गिअर, स्टील कसलं आलंय! (चुंबक चिकटला म्हणजे अपग्रेडच असं मात्र नाही हां, बऱ्याच स्टॉक गनमध्येही स्टीलचे गिअर येतात. पण चिकटला नाही तर समोरचा खोटं बोलतोय एवढं पक्कं.) बुशिंग (गिअरच्या दांड्या ज्यात फिरतात ते) प्लास्टिकचे, पिस्टनचे दात प्लास्टिकचे आणि पहिले दोन झिजलेले, स्प्रिंग साधी. शेलला (गिअरबॉक्सच्या कवचाला) तडा नव्हता एवढंच नशीब, व्हर्जन २ पुढच्या बाजूला सिलेंडरच्या खिडकीपाशी तडकतो, तिथे टॉर्च मारून बघायचं असतं.

मग फोटोतले ते चकचकीत पार्ट कुठे गेले? दादाचं म्हणणं, फोटो खरेच असणार. एखाद्या गनमध्ये चांगले पार्ट बसवायचे, उघडून फोटो काढायचे, परत काढून घ्यायचे, स्टॉक पार्ट बसवून गन विकायची, पार्ट पुढच्या फोटोला तयार. टोकियो मारुई या जपानी कंपनीने १९९१ मध्ये पहिली इलेक्ट्रिक गन काढली आणि पुढे या कंपनीच्याच गिअरबॉक्सच्या नकला बाकीच्यांनी इतक्या केल्या की एका एम४ चे पार्ट दुसरीत थोडं घासून-पुसून बसतातच. खेळणाऱ्याला सोय, आणि असल्या भामट्यालाही सोय.

मोटरवर कंपनीचा स्टिकर होता, नखाने उचकटला तर खाली दुसरा. निओडायमियम असेल तर पिनियन (मोटरच्या टोकाचं छोटं गिअर) बोटाने फिरवताना कटकट अडकत फिरतो आणि मोटरजवळ स्क्रूड्रायव्हर नेला की खस्सकन ओढला जातो. माझी मोटर गरगर फिरते. बॅरलचं तर विचारूच नका, व्हर्नियर आत घालून ६.०३ दाखवलेला फोटो होता, पण ६.०३ आणि स्टॉकची ६.०८ यात फरक ०.०५ मिलिमीटरचा, आणि साध्या व्हर्नियरचे चपटे जबडे एवढ्या बारीक गोल भोकात तेवढं नेमकं माप देतच नाहीत. मोजायचं तर पिन गेज (नेमक्या जाडीची मापाची सळई) लागतो. तो फोटो निव्वळ शोभेचा.

फुकटचा लायपो? वरचं वेष्टन नवं, आतले सेल फुगलेले. बॅलन्स वायरवर मल्टिमीटर लावला तर एक सेल तीन व्होल्टच्या खाली, बाकीचे दोन ठीक. असला लायपो चार्जलाच लावायचा नाही, आग लागायचं निमित्त होतं ते. लेबलवर १२०० एमएएच ५०सी (क्षमतेच्या ५० पट करंट), म्हणजे ६० अँपिअर देणार म्हणे! असली लेबलं कुणीही छापतं. प्रत्येक सेलचा व्होल्टेज फोटोत मागा, तिन्ही जवळपास सारखे पाहिजेत.

आणि गॉगल, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. काचेवर ना फ्रेमवर, कुठेच काही छापलेलं नाही. झेड८७ (अमेरिकन सुरक्षा मानक) च्या पुढे अधिकचं चिन्ह, किंवा ईएन१६६ (युरोपीय मानक) सोबत बी हे अक्षर, यातलं काहीतरी लागतं. बी म्हणजे ६ मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची स्टीलची गोळी सेकंदाला १२० मीटरने मारूनही काच टिकली. आमच्याकडचा गॉगल दादाने कुंपणावर टांगला आणि माझ्याच त्या मरतुकड्या गनने, दुसरी बॅटरी लावून, जवळून मारला. काच आरपार फुटली. हा गॉगल फुकट देणारा माणूस हसत हसत 'एन्जॉय ब्रो' लिहून गेला होता.

त्याला सगळे फोटो पाठवले. आधी म्हणाला तूच पार्ट बदललेस, मग म्हणाला उघडलीस म्हणजे आता जबाबदारी माझी नाही, मग "दुरुस्तीला पाठव, मजुरीत सूट देतो". म्हणजे परत त्याच्याच हातात गन आणि परत पैसे, काय डोकं आहे. पैसे परत नाहीत ते नाहीतच.

तुम्ही कुणाकडूनही घेणार असाल तर एक करा. गिअरबॉक्स उघडा ठेवून, शेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागा, आणि तिथून गन बंद करून क्रोनोवर जाईपर्यंत एकच सलग व्हिडिओ. खरा विकणारा थोडा कुरकुरेल पण देईल. मी दुसऱ्या नावाने त्याच्याच नव्या जाहिरातीवर हे मागून बघितलं. आधी म्हणाला वॉरंटी सील आहे, उघडता येणार नाही. सेकंडहँड गनला कसलं सील रे, असं विचारलं तर ब्लॉक केलं.