हेड गॅस्केट गेलं: नुसतं गॅस्केट बदलायचं, फेसिंगसह (हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून) काम करायचं, की दुसरं इंजिन बसवायचं?

गाडी पाणी पिते, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी होत जातं, पण खाली थेंब पडत नाही आणि पाइपांवर कुठे ओल नाही. अशा वेळी संशय सरळ हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पातळ सीलवर, जातो. टर्बो गाडीत मात्र हेड उतरवण्याआधी बाकीचे संशयित तपासून घ्यावेत. डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) आतून फुटला की कूलंट जळून गॅस्केट फुटल्यासारखाच पांढरा धूर निघतो. ऑइल कूलर फुटला की ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात, पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) ठणठणीत राहतं. टर्बोच्या सीलमधून ऑइल गेलं तर धूर निळसर असतो. ऑइलच्या झाकणाखाली जमणारा दुधी साका थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेनेही होतो. तोच डिपस्टिकवर दिसला तर प्रकरण गंभीर आहे.

कोणती चाचणी करायची?

बहुतेक ठिकाणी आधी कॉम्प्रेशन टेस्ट होते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांमधली गॅस्केटची भिंत फुटली असेल तर दोन्ही आकडे एकदम पडतात आणि निदान पाच मिनिटांत होतं. पण गळती सिलिंडरमधून पाण्याच्या वाटेत असेल, तर हीच टेस्ट बिनदिक्कत पास होते. स्टार्टरने फिरवलेल्या इंजिनात जो दाब तयार होतो, त्याच्या कितीतरी पट दाब पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो जास्तीची हवा कोंबत असताना, इंधन पेटताना असतो. म्हणूनच टर्बो गाडी उभी असताना शांत वाटते आणि चढावर टाकीतून कूलंट बाहेर फेकते. ‘कॉम्प्रेशन बरोबर आहे, म्हणजे गॅस्केट चांगलं’ हा निष्कर्ष मी तरी मानणार नाही.

रंग बदलणाऱ्या द्रवाची टेस्ट यापेक्षा उपयोगी आहे. कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढायची; जळलेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. टाकीतलं पाणी द्रवात शिरलं तर निकाल बाद. डिझेलच्या धुरात आयडलला (गाडी उभी आणि इंजिन चालू असताना) कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून ही टेस्ट गाडी भारावर दामटून आणल्यावर लगेच करावी. टाकीचं झाकण मात्र इंजिन निवल्याशिवाय उघडू नये.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र सावकाश होणाऱ्या चाचणीवर. थंड इंजिनाच्या कूलिंग सिस्टिमला पंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून बोरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) पिस्टन पाहायचे. जो पिस्टन ओला, तो गुन्हेगार. वेळ जातो, पण कोणता सिलिंडर ते कळतं.

नुसतं गॅस्केट की फेसिंगसह?

गळती बुजवायला कूलंटमध्ये ओतायच्या सीलरचा विषय एका वाक्यात संपतो: टर्बोच्या आणि हीटरच्या बारीक वाटा त्याने तुंबतात, तेव्हा नको.

इंजिन एकदाही प्रमाणाबाहेर तापलेलं नसेल, तर नुसतं गॅस्केट बदलणं चालू शकतं. तापलं असेल तर ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं असण्याची शक्यता दाट. सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लांबीत, रुंदीत आणि तिरकस मोजावं. अनेक इंजिनांत वाकण्याची मर्यादा 0.05 ते 0.1 मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच धरावा. ब्लॉकचा माथाही तसाच मोजावा, तो हमखास विसरला जातो.

गॅस्केट कोणतं घ्यावं हे पृष्ठभागावर ठरतं. स्टीलच्या थरांचं गॅस्केट बूस्टला उत्तम टिकतं, पण त्याला आरशाच्या जवळ जाणारं फेसिंग लागतं. जुन्या पद्धतीचं कंपोझिट थोडा खडबडीतपणा चालवून घेतं, मात्र वाढीव बूस्टला लवकर हार मानतं. पृष्ठभाग अपघर्षक चकतीने घासू देऊ नका: तिची भुकटी ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये आणि तिथून टर्बोत जाते. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून गॅस्केटची जाडी निवडावी लागते. हेडचे, कसताना ताणले जाणारे बोल्ट नवेच घ्यावेत आणि बोल्टची भोकं कोरडी करावीत. आत ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट कसताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

फेसिंगच्या आधी हेडची प्रेशर टेस्ट झालीच पाहिजे. व्हॉल्व्हच्या मधल्या तड्याचं हेड घासून चकचकीत करण्यात काय हशील?

दुसरं इंजिन कधी?

ब्लॉकला तडा असेल, किंवा ऑइलमध्ये पाणी असताना गाडी बराच काळ पळवली असेल, तर. क्रँकची बेअरिंग आणि टर्बोचा शाफ्ट त्याच ऑइलवर चालतात, त्यामुळे नवं गॅस्केट बसलं तरी खालचा भाग खिळखिळाच राहतो. पण वापरलेल्या इंजिनाचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. बसवण्याआधी त्याचीही लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते पाहणं) मागा. बाकी बहुतेकांसाठी मी फेसिंगसह पूर्ण काम सुचवीन.

ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) मॅपिंग बदलून बूस्ट वाढवला असेल आणि नॉकिंगने (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांनी) गॅस्केट उडालं असेल, तर मॅप तसाच ठेवून कंपनीचं गॅस्केट बसवणं म्हणजे तेच काम पुन्हा करायची तयारी. आधी मॅप खाली आणा.

गॅरेजशी बोलताना काम दोन टप्प्यांत ठरवा: आधी फक्त हेड उतरवून मोजमाप, मग पुढचा होकार. थर्मोस्टॅट त्याच खेपेला बदला; टायमिंग बेल्टवर चालणारा वॉटर पंप असेल तर बेल्ट आणि पंप दोन्ही. पहिल्यांदा चालू करताना इंधन बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवायला सांगा, म्हणजे टर्बो कोरडा फिरणार नाही.